पेटी हलवण्याआधी कोळी मोजा

आंबिया बहर तोंडावर आला आहे. फेब्रुवारीत रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा फुलतील. ज्यांना तिथे मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या आहेत आणि ज्यांना बांधावर पेट्या हव्या आहेत, त्या दोघांनाही आमचं एकच सांगणं आहे : माश्यांवरचे परजीवी कोळी मोजल्याशिवाय पेटी हलवू नका आणि मोजणी पाहिल्याशिवाय ती उतरवून घेऊ नका.

वाहतुकीबरोबर कोळी किती दूर जातो, हे बंबलबीच्या व्यापाराने जगाला दाखवून दिलं. हरितगृहातल्या टोमॅटोच्या परागीभवनासाठी या केसाळ माशीच्या वसाहती १९८७च्या सुमारास बेल्जियममध्ये विक्रीसाठी तयार होऊ लागल्या. जपानने १९९१पासून युरोपातून त्या मागवल्या. पुढे तिथल्या संशोधकांनी आलेल्या वसाहती तपासल्या, तर साधारण पाचातल्या एका वसाहतीत लोकस्टाकारस बुचनेरी हा कोळी निघाला. तो माशीच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांत राहतो, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. जपानच्या स्थानिक जातीच्या राण्या वाढीसाठी नेदरलँड्सला पाठवल्या होत्या. त्यांच्या वसाहती परत आल्या त्या युरोपातला कोळी घेऊनच. २००६मध्ये जपानने ही युरोपीय माशी आक्रमक परकी जात ठरवली. तोवर ती होक्काइडोच्या रानात स्थिरावली होती.

बंबलबी आपल्याकडे हिमालयातली. सोलनच्या डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात ती पाळण्यावर काम झालं आहे, पण सातपुड्याच्या उन्हात तिचा टिकाव लागणं कठीण. पॉलिहाऊसवाल्यांनी तिच्या मोहात पडू नये. आपल्याला काळजी आहे ती मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या पेटीची.

पेटीत दिसणारा प्रत्येक कोळी वैरी नसतो. बंबलबीच्या घरट्यातले बरेचसे कोळी पराग आणि कचरा खाऊन राहतात. आपल्याकडेही फुलावरून माशीच्या पाठीवर बसून येणारे परागभक्षी कोळी असतात. त्यांना पाहून औषध ओतू नका. ओळखायचे ते दोघे. व्हरोआ लालसर तपकिरी, खेकड्यासारखा आडवा, दीड मिलिमीटरभर रुंद. तो मूळचा सातेरी या देशी मधमाशीचा. पण सातेरी त्याला अंगावरून झटकते आणि तिच्याकडे त्याची वाढ मुख्यतः नरांच्या कोशांतच होते. मेलिफेराच्या पेटीत तो कामकरी माश्यांच्या कोशांतही वाढतो, म्हणून पेटी बसते. दुसरा ट्रॉपिलेलॅप्स. हा त्याहून लहान, लांबट, पोळ्यावर भराभर पळणारा. त्याचं मूळ घर आग्या मोहोळ. आग्या माश्या पोळं सोडून स्थलांतर करतात, अळ्या नसल्या की हा कोळी थोड्याच दिवसांत मरतो. आपल्या पेटीत मात्र अळ्या सतत असतात, त्यामुळे त्याला खंड पडत नाही.

मोजायचं असं. अळ्यांच्या चौकटीवर राणी नाही याची खात्री करा. त्या चौकटीवरच्या अर्धा कप माश्या, म्हणजे सुमारे ३००, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. वरून मोठा चमचाभर पिठीसाखर टाका, बरणी हलक्या हाताने फिरवा, दोन मिनिटं थांबा आणि पांढऱ्या कागदावर साखर झटका. व्हरोआ साखरेत ठिपक्यासारखे उठून दिसतात. माश्या जिवंत परत पेटीत सोडता येतात. ३०० माश्यांमागे ९ कोळी, म्हणजे ३ टक्के, ही उपचाराची पातळी सर्वसाधारणपणे मानली जाते. ट्रॉपिलेलॅप्स या पद्धतीत फसवतो, कारण तो माश्यांवर कमी आणि कोशांत जास्त असतो. त्यासाठी माश्या झटकून चौकट पांढऱ्या ताटावर आपटा आणि पळणारे कोळी मोजा. शिवाय बंद कोश उघडून पाहा.

उपचार बहराआधी उरकायला हवा. मध भरू लागल्यावर पेटीत औषध नको. उन्हाचा पारा चढला की कोळ्यावर वापरायच्या फॉर्मिक ॲसिडची वाफ जोरात निघते आणि राणी दगावू शकते. ट्रॉपिलेलॅप्ससाठी राणीला पिंजऱ्यात ठेवून तीन आठवडे अंडी बंद ठेवली, तर कोळ्याची साखळी तुटते. चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर गंधक भुरभुरण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. संत्र्यावरच्या कोळ्यासाठी आणलेलं औषध मात्र पेटीत कधीही टाकू नका. अशी चूक परवडत नाही. माश्या मरतात आणि मधही नासतो.

बागायतदारांना आमची विनंती आहे : पेटी उतरवण्याआधी मधपाळाकडे मोजणीचा कागद मागा. त्यावर तारीख, पेट्यांची संख्या आणि प्रत्येक पेटीतली कोळ्यांची संख्या असावी. आणि मधपाळांनो, त्यांनी मागण्याची वाट न पाहता तो कागद स्वतःहून पुढे करा.