जुन्या जीपची आयात : परवाना सुटला, वापर अडला

वरूड : परदेशातील जुनी विलिस जीप वा लँड रोव्हर आणण्याचे स्वप्न वरूडच्या संत्रा बागायतदारालाही आता आयात परवान्याविना पाहता येते. पूर्वी १९५० पूर्वी बनलेल्या वाहनांपुरतीच असलेली ही मुभा फेब्रुवारी २०२५ मध्ये ५० वर्षे पूर्ण झालेल्या सर्व वाहनांना मिळाली. मात्र सीमाशुल्क व करांचा बोजा मूळ किमतीहून जड ठरतो. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार २०,००० रुपये भरून 'व्हिंटेज' नोंदणी केली, तरी वाहन प्रदर्शन वा रॅलीपुरतेच रस्त्यावर आणता येते. त्यातून बाजारात संत्री नेता येणार नाहीत. महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जुळणी केली. तिच्या देशी वंशातील जीप तपासणी व पुनर्नोंदणीनंतर रोज धावू शकते. हौस वेगळी, गरज वेगळी. खरेदीपूर्वी हा हिशेब मांडलेला बरा.