दुष्काळ वगळलेली प्रेमकथा

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्याहून येणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी एक विषय मांडला होता : पर्सेफनीच्या ग्रीक दैवतकथेवर रचलेल्या, किशोरवयीन वाचकांसाठीच्या इंग्रजी अद्भुतरम्य प्रेमकथा आणि सातपुड्यातील याहामोगीची कथा. विषय परत आला. सोबतच्या शेऱ्यात ‘वाङ्मयीन मूल्याचा अभाव’ एवढेच शब्द होते. बैठकीत मात्र याच्या अगदी उलट मतही मांडले गेले होते. ही पुस्तके म्हणजे ‘स्त्रीवादी पुनर्लेखने’ असून त्यांना ‘पारंपरिक’ लोककथेच्या शेजारी बसवणे म्हणजे त्यांची प्रागतिकता झाकोळणे होय, असे ते मत. एकाच विषयाला एकाच बैठकीत अशी परस्परांना खोडणारी दोन कारणे लाभावीत, हे भाग्य फार थोड्या विषयांना लाभते! त्या बैठकीविषयी तक्रार करण्यासाठी हा लेख नाही. परंतु ही दोन्ही मते त्या चार भिंतींपुरती मर्यादित नाहीत. आपल्या समीक्षेतील दोन प्रस्थापित सवयी त्यांच्यामागे उभ्या आहेत आणि त्या तपासल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पहिली सवय जुनी आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२च्या निबंधात असंभाव्यतेचा ठपका ठेवला, आणि तेव्हापासून ‘अद्भुत’ हा शब्द आपल्याकडे वर्णनासाठी कमी आणि निकालासाठी अधिक वापरला गेला. राजवाड्यांनी १९०२मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताची बाजू घेतली खरी, पण ती वाट पुढे फारशी कोणी चालले नाही. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती वेगळ्या करताना ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीला जे खालचे स्थान दिले, ते त्यांच्या मूल्यव्यूहात तर्कशुद्धच होते. वास्तवाशी नाते न जोडणाऱ्या रंजनाला ते मान देणार नव्हते. तथापि नेमाड्यांचे विवेचन हा युक्तिवाद होता. त्यांच्या नंतरच्यांनी त्याचा शिक्का केला. युक्तिवादाला उत्तर देता येते, शिक्क्याला देता येत नाही. शिवाय एक विसंगती कोणाच्याच लक्षात येऊ नये, याचे नवल वाटते. पुराणकथेवर रचलेली प्रेमकथा जर मुळातच हलकी, तर ‘ययाति’ (१९५९) अभ्यासक्रमात कशी बसते? देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यामध्ये सापडलेल्या राजाची कथा प्रौढ, आणि अधोलोकाच्या राजाकडे गेलेल्या मुलीची तेवढी बालिश? फरक गुणवत्तेचा असेलही. पण तो वाचल्यावर सिद्ध होईल, वाचण्याआधी नव्हे.

दुसरी सवय अलीकडची. कथेतील स्त्रीने तोंड उघडले, प्रथमपुरुषी निवेदन केले, की ते पुनर्लेखन स्त्रीवादी ठरवून आपण मोकळे होतो. या सवयीचे खंडन करण्यासाठी मूळ कथेकडे जावे लागेल, कारण जिला ‘पारंपरिक’ म्हणून बाजूला सारले जाते ती संहिता या नव्या प्रेमकथांहून कितीतरी धीट आहे.

डिमीटरचे स्तोत्र होमरच्या नावावर चालते. ते इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतले, पाचशेच्या आतबाहेर ओळींचे. फुले वेचणारी मुलगी एका नार्सिससला हात घालते आणि भूमी दुभंगून हेडीज तिला रथात ओढतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ते फूल उगवते कोणाच्या इच्छेने? झ्यूसच्या. म्हणजे मुलीच्या बापाच्या. हे हरण नसून कन्यादानच आहे, फक्त आईला आणि मुलीला न विचारता केलेले. सारे पाहणारा सूर्य डिमीटरला जे सांगतो त्यात सांत्वनाचा एक विलक्षण सूर आहे : जावई काही वाईट नाही, घराणे मोठे आहे, राज्य मोठे आहे. सोयरिकीच्या बैठकीत आपण हे शब्द किती वेळा ऐकतो! स्तोत्रकाराने ते सूर्याच्या तोंडी घातले आणि डिमीटरला ते ऐकून अधिकच संतापलेली दाखवली. मुलीची किंकाळी त्याने ऐकू येऊ दिली, तिला पलंगावर अनिच्छेने बसलेली दाखवले, परत जायचे कळताच आनंदाने उठलेली दाखवले. डाळिंबाच्या दाण्याविषयी तर निवेदक एक सांगतो आणि मुलगी आईला दुसरे सांगते. निवेदक म्हणतो, हेडीजने तो गुपचूप दिला. मुलगी म्हणते, बळजबरीने खायला लावला. या दोन कथनांमधल्या फटीत संमतीचा संपूर्ण प्रश्न बसतो.

आणि मग येतो दुष्काळ. डिमीटर पृथ्वीवरचे बीज उगवू देत नाही. बैल नांगर ओढत राहतात, जव मातीत पडते, वर काहीच येत नाही. मनुष्यजात मरू लागते, देवांचे नैवेद्य थांबतात, आणि तेव्हा कुठे झ्यूसला वाटाघाटी सुचतात. या कथेतील स्त्रीचे सामर्थ्य तिच्या ‘आवाजा’त नाही, ते धान्यावरील तिच्या अधिकारात आहे. वर्षाचा तिसरा भाग सासरी आणि दोन भाग आईकडे, हा करार तिने त्या अधिकाराच्या बळावर मिळवलेला आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) भूमी, योनी आणि धान्य यांचे जे नाते उलगडले, ते ज्यांनी वाचले आहे त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

आता नव्या कथांकडे. मेग कॅबटची ‘अबँडन’ आणि एमी कार्टरची ‘द गॉडेस टेस्ट’ या दोन्ही २०११च्या. रेचेल स्माइथची ‘लोअर ऑलिंपस’ ही चित्रकथा २०१८पासून २०२४पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि २०२२मध्ये तिला आयझ्नर पारितोषिकही मिळाले. यांना सरसकट एका दोरीत बांधणे अन्यायाचे होईल. कार्टरच्या कथेत नायिका अधोलोकाच्या राजाशी करार करते तो मरणासन्न आईसाठी. आई-मुलीचा धागा येथे निदान तुटत नाही. स्माइथने बलात्काराचा प्रश्न टाळलेला नाही, उलट तो थेट मांडला. मात्र मांडताना तिने अपराध अपोलोकडे सोपवला आणि हेडीजला समंजस, जखमी, वाट पाहणारा प्रियकर करून ठेवले. नॉर्थ्रप फ्रायच्या परिभाषेत याला विस्थापन म्हणता येईल. पण फ्राय विस्थापन म्हणतो तेव्हा आदिबंध संभाव्यतेच्या चौकटीत बसवण्यासाठी केलेली तडजोड त्याच्या मनात असते. येथे विस्थापित होतो तो आदिबंध नव्हे, अपराध होतो. या प्रकारच्या कथांचा साचा पाहिला तर अपराधाचा आणखी एक प्रवास दिसतो : तो बापाकडून आईकडे सरकतो. ज्या झ्यूसने परस्पर सौदा केला तो पार्श्वभूमीला जातो आणि मुलीला कोंडून ठेवणारी, तिच्या प्रेमाआड येणारी, अतिसंरक्षक डिमीटर खलस्थानी येते. दुष्काळ उरलाच तर आईच्या थयथयाटाचे प्रदर्शन म्हणून उरतो. वाटाघाटीचे हत्यार म्हणून तो कथेच्या कण्यातून गळालेला असतो. याला स्त्रीवादी म्हणायचे असेल तर आईला स्त्रियांतून वगळावे लागेल.

आमच्या विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले होते. तिने ही पुस्तके मोबाइलवर, अडखळत, शब्दकोश उघडून वाचली. मग मी तिला स्तोत्राचा सारांश सांगितला. तिचा पहिला प्रश्न असा होता : धान्य बंद करते तो भाग यांनी का काढला? हा प्रश्न तिला सुचला, आम्हाला नाही, याचे कारण तिच्या घरात आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमाती आहेत, आणि या भागातील असंख्य कुटुंबे महाशिवरात्रीला गुजरातेतील सागबारा तालुक्यात, देवमोगऱ्याला जातात. ‘याहा’ म्हणजे आई. राजा पांठा आणि विनादेव यांच्या कथांत गुंफलेली ही याहामोगी दुष्काळात आपल्या कोठारातले धान्य लोकांना देणारी आहे. तिला नवे धान्य टोपलीत घालून वाहतात. कोठार उघडणारी देवी जिला माहीत आहे, तिला कोठार बंद करणारी देवी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय तिच्या अनुभवात ही कथा उलटी घडते. दिवाळीनंतर आई ऊसतोडीला परजिल्ह्यात, परराज्यात जाते आणि मुलगी आश्रमशाळेत मागे राहते. वर्षाचे भाग पाडून एकमेकींना भेटणे हे तिच्या दृष्टीने मिथक नाही, ते वेळापत्रक आहे.

हा केवळ सातपुड्याचा अपवाद नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. टाकलेल्या सीतेने गावात गहू मागितला, लोकांनी दिला नाही, तेव्हा या गावात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी तेथील कथा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले ते उगीच नव्हे. शेतीचे अर्थकारण आणि टाकलेली बाई यांचा सांधा त्यांना त्या कथेत दिसला असावा. नांगराच्या तासात सापडलेली आणि शेवटी आईने, भूमीने, सासरच्या दरबारातून परत नेलेली सीता ही पर्सेफनीची उलटी बाजू आहे. तेथे भूमी दुभंगते ती मुलीला पळवण्यासाठी. येथे दुभंगते ती तिला सोडवण्यासाठी. आपल्या तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगला विषय कोणता हवा होता?

अधोलोकातील प्रियकर म्हणाल तर तोही आपल्याकडे आहे. भगवानदास पटेल यांनी खेडब्रह्मा परिसरातील डुंगरी भिलांकडून संकलित केलेल्या ‘भारथ’मध्ये द्रौपदीचा सोन्याचा केस पाताळात वासुकीपर्यंत पोहोचतो. तो वर येतो, अर्जुनाला मिशीच्या केसाने बांधून टांगतो आणि त्याच्या देखत द्रौपदीला भोगतो. सामर्थ्य म्हणजे सामर्थ्य, ते प्रेम नव्हे. नवरा असहाय आहे म्हणजे असहाय आहे. भिल्ल गायक कोणालाही देखणा करत नाही. या प्रसंगाचे वाचन अवघड आहे, त्यात द्रौपदीची इच्छा कोठे हे ठरवणे त्याहून अवघड. परंतु ही अडचण संहितेने आपल्यासमोर प्रामाणिकपणे ठेवली आहे. नव्या प्रेमकथा ती अडचण वाचकाच्या वतीने आधीच सोडवून देतात, आणि माझा आक्षेप आहे तो येथे.

यावर जॅनिस रॅडवेचा दाखला दिला जाईल, आणि तो योग्यच आहे. ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये (१९८४) तिने दाखवले की प्रेमकथा वाचणाऱ्या बायका भोळ्या नसतात, वाचन हा त्यांनी घरकामातून स्वतःसाठी काढून घेतलेला वेळ असतो. मला हे मान्य आहे. आमच्या मुली ‘प्रतिलिपी’वरच्या मराठी मालिका-कथा वाचतात तेव्हाही हेच घडते. मात्र वाचकाचा आदर करणे म्हणजे संहितेला मोकळे सोडणे नव्हे. उलट ज्या मुलीने वगळलेला दुष्काळ ओळखला, तिचा आदर तिच्या प्रश्नाला संशोधनाचा दर्जा देऊनच करता येईल.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे, कारण प्रेमकथेचे हे राजकारण दूरच्या ऑलिंपसवर थांबत नाही. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारावर वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे काय लिहिले गेले? तरुण-तरुणी गुलाल लावून पळून जातात, जोडीदार निवडण्याचा आदिवासींचा मुक्त सोहळा, वगैरे. हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, लग्नाचा नाही, असे आदिवासी संघटना सांगून थकल्या. पळून जाण्याचे प्रसंग घडतात तेव्हा पंच बसतात, देज ठरते, दोन्ही घरांची माणसे बोलतात. म्हणजे वाटाघाट होते. लेखकांनी वाटाघाट गाळली आणि गुलाल ठेवला. पर्सेफनीच्या बाबतीत झाले तेच. दुष्काळ गाळला आणि डाळिंब ठेवले. ज्यांना ‘वाङ्मयीन मूल्याचा अभाव’ दिसतो त्यांना हा समान व्यापार दिसत नाही, कारण ते पुस्तक उघडत नाहीत. ज्यांना ‘पुनर्लेखन’ दिसते त्यांनाही दिसत नाही, कारण त्यांच्या लेखी याहामोगी ही साहित्यच नव्हे, ती मानववंशशास्त्राची सामग्री. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा पाया घालून इतकी दशके लोटल्यावरही आपल्या विभागांत ही फाळणी टिकून आहे.

विद्यार्थिनीने शेवटी विषय बदलला. आता ती एका मान्यवर कवीच्या प्रतिमासृष्टीवर लिहीत आहे, आणि चांगले लिहीत आहे. तिच्या पहिल्या टिपणवहीची अकरा पाने माझ्याकडे आहेत. त्यांत डिमीटरच्या स्तोत्राचा प्रसंगक्रम डावीकडे आणि आजीने सांगितलेल्या याहामोगीच्या कथेचा उजवीकडे लिहिलेला आहे. धान्याच्या प्रसंगापाशी उजवीकडची बाजू दोन पाने पुढे वाहत गेली आहे, डावीकडे नुसती रेघ आहे. ही पाने घेऊन तोच विषय मी येत्या सत्रात पुन्हा मांडणार आहे, या वेळी शीर्षकातून ‘प्रेमकथा’ हा शब्द न काढता.