इशाऱ्यानंतरची जबाबदारी कोणाची?

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे उत्तराखंडातील माणा गावाजवळ हिमस्खलन झाले आणि सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजूर बर्फात अडकले. ४६ वाचले, ८ दगावले. निसर्गाचा कोप म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी दिला होता. याच जिल्ह्यात सुमना येथे एप्रिल २०२१ मध्येही अशीच छावणी बर्फाखाली गेली होती.

हिवाळा सरताना हिमालय अधिक धोकादायक होतो. जुन्या थरांवर नव्या बर्फाचा भार पडतो, उन्हाने वितळलेले पाणी आत झिरपते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरील बर्फाची पकड सुटते. उघड्यावर गाडला गेलेला माणूस १५ मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते.

गिर्यारोहक दुपारच्या उन्हातील उतार टाळू शकतो; मजुराला ती मुभा नसते. म्हणूनच छावणीची जागा हिमप्रवाहाच्या वाटेबाहेर असणे आणि इशारा मिळताच ती रिकामी करणे, हे काम देणाऱ्यांवर बंधनकारक हवे. एरवी इशारा कागदावर राहील आणि मजूर बर्फाखाली.