शिकवायचंय, पण कुठल्या गावात?

वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातल्या एका अंगणवाडीत ताईंनी मुलांपुढं सागरगोटे ओतले आणि सारखे-सारखे वेगळे करायला सांगितले. बहुतेकांनी लहान आणि मोठे असे ढीग लावले. चार वर्षांच्या एका पोरानं लावलेल्या दोन ढिगांचा मात्र काही मेळ लागेना. ताईंनी ते मोडले नाहीत. “असं का लावलंस रं?” त्यानं एक सागरगोटा कानाशी नेऊन हलवला. “ह्यो वाजतोय. त्यो न्हाय वाजत.” पुरता वाळलेला सागरगोटा आतून खुळखुळतो, ओलसर असला तर मुका राहतो. पोरानं रंग आणि आकार सोडून आवाज निवडला होता. ताईंनी लगेच सगळ्यांनाच कान लावायला बसवलं आणि पुढचा अर्धा तास ऐकण्याचा झाला.

या कामाला आपण ‘पोरं सांभाळणं’ म्हणतो, याचा मला मनापासून राग येतो. मूल चुकलं असं वाटत असताना थांबणं, त्याला विचारणं आणि त्याच्या उत्तरातून पुढचा खेळ काढणं हे नुसत्या मायेनं जमत नाही. ते शिकावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे वेल्ह्यातल्या, आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथल्या मुलांचा सगळ्यात मोलाचा काळ अंगणवाडीच्या त्या एका खोलीत जातो.

भोर-वेल्ह्यात हे काम मनापासून करू पाहणाऱ्या मुली आहेत. नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, भोरला येऊन बारावी झालेल्या एकीशी मध्यंतरी बोलत होतो. शिरवळच्या कंपनीत जाणाऱ्या गाडीत तिच्या मैत्रिणी रोज बसतात. हिला अंगणवाडीत शिकवायचंय. बडबडगीतं पाठ आहेत, बाहुलीनाट्य करता येतं, कपड्यांच्या चिंध्यांचे बोळे भरून तिनं प्राणी शिवलेत. तिची अडचण पगाराच्या आधी सुरू होते. तिच्या वाडीत जागा नाही. असलेल्या सेविकेच्या निवृत्तीला पुष्कळ वर्षं आहेत. शेजारच्या गावात जागा निघाली तर ती तिथली रहिवासी नाही. आणि लग्न होऊन ज्या गावी जाईल, तिथं जागा असेल की नसेल हे कोणी सांगावं? “आधी गाव बघू का नवरा?” तिनं विचारलं. ती हसत नव्हती.

ग्रामीण भागातली सेविका त्याच गावची हवी, हा नियम उगाच आलेला नाही. केळद-पासलीकडं पाऊस लागला की बाहेरून येणारा माणूस आठवडा-आठवडा फिरकत नाही. गावातली बाई असली की जुलैत भातलावणीला गेलेल्या आयांना लेकरू कुठं ठेवायचं याची काळजी उरत नाही. तिला मुलांची बोली कळते, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हेही कळतं. डोंगराळ भागात तीनशे लोकवस्तीलाही अंगणवाडी आणि त्याहून छोट्या वाडीला मिनी अंगणवाडी, या निकषामुळंच ती धनगरवस्तीपर्यंत पोचू शकते. हे सगळं मला मान्य आहे. पण एका गावाला एक पद, बदलीचा हक्क नाही आणि वयाची अट साधारण ३५ ची, हे तिन्ही एकत्र आलं की शिकवण्याची हौस असलेल्या मुलीचं आयुष्य नशिबावर सोडलं जातं.

अनुताई वाघ आठवतात त्या इथं. जन्म याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा, १९१० चा. बालवयात लग्न, काही महिन्यांत वैधव्य. शिकल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवू लागल्या. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या तेव्हा त्या ३५ वर्षांच्या होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथं रुजली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, माती वापरली गेली. पुढं कोसबाडला त्या कामाचा वृक्ष झाला आणि २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. अनुताई ना बोर्डीच्या रहिवासी होत्या, ना कोसबाडच्या. आजच्या जाहिरातीला त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

पैशाचंही बोललं पाहिजे. २०२३ च्या संपानंतर राज्यात सेविकेचं मानधन दहा हजारांवर, मदतनिसांचं साडेपाच हजारांवर गेलं. त्यात केंद्रीय योजनेतलं मानधन ४,५०० रुपये, ते २०१८ मध्ये ठरलेलं. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला, नंतर आणखी वाढ पदरात पडली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तरी पद अजून ‘मानधनी’च. पोषण आहार, वजन-उंची, पोषण ट्रॅकरमधल्या नोंदी, गृहभेटी, लसीकरणाचा दिवस हे सगळं उरकून मग शिकवायचं.

तरीही मला यात वाट दिसते, कारण कागदावर ती अर्धी आखलेली आहे. त्याच शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सांगितला आहे. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत पर्यवेक्षिकांची, म्हणजे मुख्यसेविकांची, निम्मी पदं पाच वर्षं अनुभवी सेविकांमधून भरायला सांगितली आहेत. मदतनीस ते सेविका, सेविका ते मुख्यसेविका अशी शिडी खरोखर उभी राहिली, तर शिरवळच्या गाडीत बसायचं की नाही याचा विचार मुली निदान दोनदा करतील. अभ्यासक्रम मात्र नोकरी लागायच्या आधी करता यायला हवा, आणि तो भोरला नाहीतर वेल्ह्याला हवा. पुण्यात ठेवला तर हिरडोशीची मुलगी एसटीतच दमेल.

रहिवासाची अट काढून टाका असं मी म्हणत नाही. ती गावापुरती न ठेवता बीटापुरती करा. एका मुख्यसेविकेच्या हाताखालच्या गावांपैकी कुठलीही मुलगी, पायी किंवा पहिल्या एसटीनं पोचू शकणारी, प्रशिक्षण झालेली, पात्र धरा. लग्नानंतर गाव बदललं तर तिची सेवा तिच्याबरोबर जाऊ द्या, जशी जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय असते. एवढ्यासाठी तिजोरीवर फार भार पडत नाही. महिला व बालविकास विभागानं दोन तालुक्यांपुरता हा बदल करून बघावा, आणि तो येत्या भरतीच्या जाहिरातीआधी व्हावा.