पाणी गाळतो, स्वतःकडे मात्र बघत नाही



आज पाककृती नाही. आज भांडायचं आहे, तेही आपल्याशीच.

मंदिरातून येताना आम्ही सहाजणी आरोग्य केंद्रात गेलो. साखर आणि बीपी सगळ्यांनी तपासून घेतलं. सिस्टरताई म्हणाल्या, "तिशीपुढच्या आहात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही तपासणी करून घ्या." पडद्यामागे एकही गेली नाही. मीसुद्धा "मला काही त्रास नाही" म्हणून घरी आले आणि पाणी गाळायला घेतलं. तेव्हा हात थबकला. न दिसणाऱ्या जिवासाठी आपण कापड दुहेरी करतो. मग स्वतःच्या देहाबाबत यत्नाचार कुठे जातो?

त्रास नसतानाच ही तपासणी करायची असते. एचपीव्ही विषाणूपासून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात, आणि तोवर काही दुखत नाही. "वाईट चालीच्या बायकांचा आजार" हे तर साफ खोटं. हा विषाणू इतका सर्रास आहे की एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. शीलाचा इथे संबंध नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ खेड्यातल्या बायका त्यात होत्या. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखा द्राव लावून तपासलं, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या बायकांना लाज नव्हती का? होती. पण तपासणारी बाई होती, तिने नीट समजावलं होतं.

म्हणून दोष एकट्या आपला नाही. समाजाच्या शिबिरात डोळे, दात, शुगर सगळं असतं. हेच का नसतं? कार्यकारिणीतल्या पुरुषांना बोलायला अवघड वाटतं म्हणून? मग महिला मंडळाने बोलावं. पुढच्या शिबिरात वेगळी खोली, पडदा आणि तपासायला बाईच हवी, असं लेखी मागावं.

पुढच्या आठवड्यात मी जाऊन आले. पाच मिनिटं लागली, जरासं चुरचुरलं, इतकंच. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा.

दशलक्षण पर्वाआधी जाऊन या. एकटी नको, जावेला आणि नणंदेलाही घेऊन जा.