दुकानाची चावी कोणाच्या हाती?

वसई, नालासोपारा, विरार भागातील कापडाचे व्यापारी, शिलाई कारखानदार आणि जरीकाम करणारे कारागीर आता इंटरनेटवर दुकान मांडू लागले आहेत. ही समाधानाची बाब आहे. वूकॉमर्स, शॉपिफाय यांच्याकडे दुकान तयार मिळते. पण साडीचा पदर मोठा करून दाखवायचा, ओढणीचा रंग बदलून दाखवायचा, तर जावास्क्रिप्टची जादा लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, अनेकदा जोडली जाते. तिला आमचा विरोध नाही. ती कोठून येते हे मालक विचारत नाही, ही तक्रार आहे.

पुष्कळदा काम करणारा मुलगा एक ओळ लिहून मोकळा होतो आणि लायब्ररी दर वेळी परक्या पत्त्यावरून येत राहते. त्या पत्त्याचा मालक बदलला तर? पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्याचे तेच झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो विकला गेला आणि जूनमध्ये तेथून खोटा कोड येऊ लागला. एक लाखाहून अधिक वेबसाइटना त्याची झळ पोहोचली; मोबाईलवरचे गिऱ्हाईक सट्ट्याच्या साइटवर ढकलले जाऊ लागले.

फाईल आपल्याकडे आणून ठेवली म्हणजे काम संपले असेही नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरील मॉडर्नायझर या लायब्ररीत चोरट्यांनी अवघ्या २२ ओळी घुसडल्या आणि लाखो प्रवाशांच्या कार्डांचा तपशील पळवला. २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंड दंड झाला.

कोणी म्हणेल, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवताच येत नाही, मग भीती कसली? बंधूंनो, ही चोरी तिजोरीतून होत नाही. गिऱ्हाईक नंबर टाइप करते, त्याच क्षणी होते.

उपाय महागडे नाहीत. लायब्ररीची ठरावीक आवृत्ती आपल्याच जागेत ठेवावी. बाहेरून घेणे भागच असेल तर ‘इंटिग्रिटी’ची खूण लावून घ्यावी, फाईलमध्ये एक अक्षर बदलले तरी ब्राउझर ती चालवत नाही. पैसे भरण्याच्या पानावर शोभेचा कोड नको. कार्डाचा तपशील पेमेंट कंपनीच्याच पानावर भरला जावा. थीममध्ये जेक्वेरी आधीच असेल तर दुसरी घालू नये. पहिलीवर चालणारी बटणे बंद पडू शकतात. आणि कोणती लायब्ररी, कोणी, कशासाठी जोडली, याची वही ठेवावी.

आपण ठाण मोजून घेतो, रंग उतरतो का ते पाण्यात बुडवून पाहतो. मग कोडच न पाहता का घ्यावा? गिऱ्हाईक आपले नाव, पत्ता, फोन भरवशावर देते. ती अमानत आहे. बिल चुकते करण्यापूर्वी ती यादी मागा. यादी देता येत नसेल, तर काम अपुरे आहे असे समजा.