फिटची गोळी झाकू नका, गरोदरपणात तोडूही नका

पोरीला फिट येते हे सोयरीक जुळवताना झाकायचे आणि सासरी कुणाला दिसू नये म्हणून तिची गोळीच बंद करायची, असे अजून कैक घरांत चालते. बिद्री परिसरातील शेतकरी बंधूंनी आणि गावकारभाऱ्यांनी याचा नीट विचार करावा. कारण ही झाकपाक बाळंतपणात जिवावर बेतते.

पूर्वी कायद्याचीही भीती होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार फिट येणे लग्नाच्या आड येत होते. १९९९ साली संसदेने ती अट काढून टाकली. कायदा बदलला, पण आपली बैठक बदलली नाही.

दिवस गेले की दुसरी भीती सुरू होते. गोळीने बाळाला अपाय होईल, म्हणून सासू म्हणते, "नऊ महिने गोळी राहू दे." ही भीती अगदीच खोटी नाही. सोडियम व्हॅलप्रोएट हे औषध घेणाऱ्या आयांच्या १०० बाळांत सुमारे १० बाळांना जन्मतः व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. बाळाच्या बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम ही औषधे त्या मानाने बरी. पण औषध बदलायचे ते डॉक्टरांनी, आणि तेही दिवस राहण्याआधी. मनाने गोळी तोडली तर जोराची फिट येऊन आई आणि पोटातले बाळ दोघेही धोक्यात येतात.

तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९८ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवली आहे. उपचार नीट चालू असले तर बहुतेकींना धडधाकट मूल होते, हाच अनुभव आहे.

तेव्हा एवढे करा. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा, फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. बाळंतपण घरी नको, दवाखान्यातच. बाळंतिणीची झोप मोडली की फिट येते, म्हणून रात्री बाळाकडे दुसऱ्या कुणी बघावे. अंगावर पाजायला बहुधा हरकत नसते. बाळाला एकटीने अंघोळ घालू देऊ नका.

फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. गरोदर बाईला फिट आली की १०८ ला फोन लावाच. आधी कधी फिट न आलेल्या बाईला पाचव्या महिन्यानंतर आली तर ते वाढलेल्या रक्तदाबाचे झटके असू शकतात. तिथे अर्धा तासही दवडू नये.

गाळप हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या बायकांची गोळी गावाकडेच राहते. सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी फडावर जाऊन एवढेच विचारावे, "बाई, कसली गोळी चालू होती का?" या एका प्रश्नाने दोन जीव वाचतील.